दगडी पाल्याचे गुण आणि आपले तक्ते

शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शने भरू लागली, की एक विषय हमखास दिसतो : ‘आपल्या परिसरातील औषधी वनस्पती’. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि आसपासच्या तालुक्यांतील प्रदर्शनांत या विषयाचे जे तक्ते आम्ही पाहत आलो आहोत, त्यांत दगडी पाला बहुधा असतोच. कुणी त्याला एकदांडी म्हणतात, कुणी कंबरमोडी. वाळवून चिकटवलेले रोप, खाली संस्कृत नाव, त्याखाली शास्त्रीय नाव आणि मग उपयोगांची यादी : जखम, रक्तस्राव, केस गळणे, कावीळ, मधुमेह, जुलाब, खोकला, ताप. शेवटी दोन वाक्ये ठरलेली असतात. पहिले, ही वनस्पती हजारो वर्षे आयुर्वेदात वापरली जाते. दुसरे, तिचे गुण आता विज्ञानानेही सिद्ध झाले आहेत.

मुलांनी मेहनत घेतलेली असते, अक्षर सुवाच्य असते, परीक्षकही खूष होतात. तरीही या दोन्ही वाक्यांची आणि त्यामधल्या यादीची तपासणी व्हायला हवी, असे आम्हांला वाटते. कारण हा तक्ता पाहणारा विद्यार्थी उद्या मैदानावर पडून गुडघा फोडून घेणार आहे, आणि त्याच्या घरात कुणाला तरी मधुमेह असण्याची शक्यता आहे. तक्त्यावर जे लिहिले आहे ते कुणीतरी खरोखर करून पाहणार आहे.

आधी ओळख पटवू

दगडी पाला सापडणार नाही अशी शाळा मराठवाड्यात क्वचितच असेल. विद्यापीठामागच्या डोंगरउतारावर, छावणीतल्या रस्त्यांच्या कडेला, मकबऱ्याच्या भोवतालच्या मोकळ्या जागांत आणि आपल्या कुंपणाच्या दगडी भिंतीच्या फटींत तो उगवतो. खोड जमिनीवर लोळत जाते आणि टोके वर उचललेली असतात. पाने समोरासमोर, दातेरी कडांची, खरखरीत लव असलेली. पानांच्या बेचक्यातून वीतभर लांबीचा बिनपानांचा एकच दांडा निघतो आणि त्याच्या टोकाला एकच फूल दिसते. एकदांडी हे नाव यावरूनच पडले असावे.

हे ‘फूल’ म्हणजे खरे तर फुलांचा गुच्छ असतो, कारण ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातली. मधली पिवळी फुले नळीसारखी. कडेची पाचसहा फुले फिकट पांढरी, आणि त्या प्रत्येकाच्या टोकाला तीन दात. भिंगातून हे दात विद्यार्थ्यांना मोजायला सांगावेत. फळे पिकली की त्यांच्या डोक्यावरचे पिसासारखे केस पसरतात आणि वाऱ्याबरोबर बी उडून जाते. भिंतीच्या फटीत बी कसे पोचले याचे उत्तर मुलांना इथेच मिळते. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘जमिनीवर लोळणारी’ असा आहे.

‘हजारो वर्षे’ कुठून आली?

१७५३ मध्ये लिनियसने या वनस्पतीला हे नाव दिले, तेव्हा तिचे ठिकाण म्हणून त्याने मेक्सिकोतील व्हेराक्रूझची नोंद केली. ही वनस्पती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. हुकर यांच्या ब्रिटिश भारतातील वनस्पतींवरच्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात (१८८०–८२) ती येते, ती अमेरिकेतून आलेली म्हणूनच. कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ मध्ये. चरक आणि सुश्रुत या संहिता त्याच्या कित्येक शतके आधीच्या. अमेरिकेतले तण या संहितांत असणे शक्यच नाही.

मग तक्त्यावरच्या संस्कृत नावाचे काय? काही याद्यांत दगडी पाल्याला ‘जयंतीवेद’ असे नाव दिलेले आढळते. नाव संस्कृत दिसले, की वनस्पतीही प्राचीन असणार असा आपला समज होतो. पण नाव कुणीही, केव्हाही ठेवू शकतो. ते कोणत्या ग्रंथात, कोणत्या वर्णनासह आले आहे, हा प्रश्न विचारल्याशिवाय नावाला पुरावा मानता येत नाही.

गोंधळाचे दुसरे कारण माका. माका म्हणजे भृंगराज. ग्रंथांतून केस आणि यकृत यांसाठी सांगितलेली वनस्पती. काही ठिकाणी भृंगराज म्हणून दगडी पालाच दिला जातो, असे औषधी वनस्पतींच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. दोन्ही एकाच कुळातल्या, दोन्हींची फुले लहान आणि पांढुरकी. तक्त्यावरील ‘केस गळणे’ आणि ‘कावीळ’ हे उपयोग दगडी पाल्याकडे माक्याच्या खात्यातून आले असावेत, असा आमचा तर्क आहे. वास्तविक दोघांतला फरक पाचवीतला विद्यार्थीही ओळखू शकेल. माका ओलसर जागी, नाल्याच्या आणि पाटाच्या कडेला वाढतो. त्याची पाने अरुंद, फुलांचे दांडे आखूड, आणि खोड चुरडले की रस थोड्याच वेळात काळपट होतो. फळावर उडण्यासाठी केसांचे पीस नसते. दगडी पाला कोरड्या, मुरमाड जागी खुशाल वाढतो. स्थानिक वनस्पतींची ओळख पटवण्यासाठी प्रा. व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा दोन खंडांचा ग्रंथ याच शहरातून १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. तो महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मिळाला तर प्रकल्पाआधी जरूर पाहावा.

वनस्पती परदेशातून आली हे सांगण्यात कमीपणा काय आहे? जुन्या वैद्यांना तरी तो वाटत नव्हता. सोळाव्या शतकातील भावमिश्रांनी ‘भावप्रकाश’ या ग्रंथात पोर्तुगीजांबरोबर आलेल्या उपदंशाला ‘फिरंग रोग’ असे सरळ नाव दिले. त्यावरच्या चोपचिनीला त्यांनी ‘द्वीपांतर वचा’ म्हटले, म्हणजे दुसऱ्या बेटावरची वेखंड. औषध बाहेरचे आहे ही गोष्ट त्यांनी नावातच नोंदवून ठेवली. आपल्या तक्त्यांपेक्षा हा ग्रंथकार अधिक काटेकोर होता, असे म्हणावे लागते.

दगडी पाल्याची खरी गोष्ट यामुळे अधिक महत्त्वाची ठरते. एक अनोळखी तण शेताच्या बांधावर आले. गुराख्यांनी, शेतमजुरांनी, घरातल्या बायकांनी ते हाताळले, जखमेवर चोळून पाहिले आणि उपयोग एकमेकांना सांगितला. मेक्सिको आणि ग्वाटेमालात त्वचेच्या विकारांसाठी आणि जखमांसाठी हीच वनस्पती वापरतात. पश्चिम आफ्रिकेतही रक्त थांबवण्यासाठी तिचा पाला चुरडून लावतात. हे ज्ञान कुणा ऋषींनी दिलेले नाही. सामान्य माणसांनी गेल्या काही पिढ्यांत ते कमावले. ‘हजारो वर्षे’ असे लिहून आपण त्यांचे श्रेय काढून घेतो.

लोकांचे निरीक्षण कितपत पुरते?

तीन खंडांतले लोक एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती तपासण्याजोगी निश्चित ठरते. पण ती तेवढ्याने सिद्ध होत नाही. याचे कारण विद्यार्थ्यांना समजावून देणे हे या सगळ्या प्रकल्पातले मुख्य काम आहे.

बोट कापले. पाला चुरडून जखमेवर दाबून धरला. पाच मिनिटांत रक्त थांबले. पाल्यामुळे थांबले काय? निरोगी माणसाची लहानशी जखम काही मिनिटांत आपोआप रक्त धरते, आणि दाबून धरली तर लवकर धरते. इथे पाला आणि दाब या दोन गोष्टी एकदमच घडल्या. पाल्याचा वाटा किती हे ठरवायचे, तर तशाच जखमेवर पाल्याशिवाय तेवढाच दाब देऊन किती वेळ लागतो ते पाहावे लागेल. यालाच आपण तुलना-प्रयोग म्हणतो. घरगुती अनुभवात ही दुसरी बाजू कधीच नसते, कारण पाला न लावता बसलेल्या माणसाची गोष्ट कुणी सांगत नाही.

काविळीचे उदाहरण याहून बोलके आहे. दूषित पाण्यातून होणाऱ्या ‘अ’ प्रकारच्या काविळीतून बहुतेक मुले काही आठवड्यांत आपोआप बरी होतात. त्या काळात जे कोणते औषध दिले असेल, त्याला यशाचे माप मिळते. पण डोळे पिवळे होण्याची कारणे अनेक आहेत. पित्तमार्गात खडा अडकला असेल, तर पाल्याचा रस पीत बसण्यात मोलाचा वेळ जातो. ‘ई’ प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. तक्त्यावर नुसते ‘कावीळ’ असे लिहिणे म्हणूनच निरुपद्रवी नाही.

‘विज्ञानाने सिद्ध’ म्हणजे काय सिद्ध?

आता दुसरे वाक्य. दगडी पाल्यावर प्रयोग झाले आहेत हे खरे आहे, आणि त्यांत भारतीय संशोधकांचा वाटा मोठा आहे. १९८०च्या दशकापासून जखम भरण्यावरील त्याच्या परिणामाचे शोधनिबंध भारतीय नियतकालिकांतून येऊ लागले. हे प्रयोग पांढऱ्या उंदरांवर झाले. उंदरांच्या त्वचेवर सारख्या मापाच्या जखमा करायच्या, काहींना पाल्याचा अर्क द्यायचा, काहींना द्यायचा नाही, आणि ठरावीक दिवसांनी मोजमाप करायचे. जखम किती आक्रसली, वर नवी त्वचा कधी आली, आणि सांधलेली जखम पुन्हा उसवायला किती वजन लागते, या गोष्टी मोजल्या जातात.

या प्रयोगांत जे दिसले ते रंजक आहे. कातडीला बळकटी देणारे कोलॅजनचे धागे एकमेकांशी जोडणाऱ्या लायसिल ऑक्सिडेज या विकराचे प्रमाण अर्कामुळे वाढले. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिले, की जखम भरणे मंदावते. अर्क दिल्यावर अशा उंदरांत नव्या त्वचेची वाढ आणि जखमेची बळकटी सुधारली. परंतु जखम आक्रसणे आणि नवे मांस भरणे यांवरचा स्टेरॉइडचा परिणाम मात्र हटला नाही. म्हणजे चार मोजमापांपैकी दोन सुधारली, दोन सुधारली नाहीत. ‘जखम भरून येते’ या तीन शब्दांमागे एवढे बारकावे आहेत. हेच बारकावे तक्त्यावर आले असते, तर तो विज्ञानाचा तक्ता झाला असता.

मधुमेहाचा दावाही असाच आहे. अॅलोक्झान नावाचे रसायन टोचून उंदरांच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करतात, आणि मग पाल्याच्या अर्काने रक्तशर्करा उतरते का ते पाहतात. ती उतरल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आहेत. पण अर्क म्हणजे अल्कोहोलसारख्या द्रावणात काढून, आटवून, उंदराच्या वजनाच्या प्रमाणात मोजून दिलेला पदार्थ. आजोबांनी सकाळी प्यायलेला अर्धा पेला रस आणि तो अर्क एक नव्हेत. आजोबांनी तक्त्यावर विसंबून गोळ्या बंद केल्या, तर त्यांच्या डोळ्यांचे, मूत्रपिंडांचे आणि पायांचे नुकसान हळूहळू आणि न दुखता होत राहते.

उंदरावरचा प्रयोग ही पहिली पायरी असते. पुढच्या पायऱ्या किती लांबच्या असतात, याचे उदाहरण याच कुळातील दुसऱ्या एका वनस्पतीचे आहे. चीनमधील तू यूयू यांनी चौथ्या शतकातील गे होंग यांच्या ग्रंथातला हिवतापावरचा उपाय वाचला. तिथे वनस्पती उकळायला सांगितली नव्हती, तर पाण्यात भिजवून तिचा रस पिळून घ्यायला सांगितला होता. उष्णतेने गुण नाहीसा होत असेल असा तर्क करून त्यांनी १९७१ मध्ये कमी तापमानाला इथरमध्ये अर्क काढला. आधी प्राण्यांवर, नंतर स्वतःवर, मग रुग्णांवर चाचण्या झाल्या. १९७२ मध्ये त्यातील गुणकारी द्रव्य, आर्टेमिसिनिन, वेगळे काढण्यात आले आणि २०१५ मध्ये तू यूयू यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंपरेने इथे बहुमोल सूचना दिली. त्या सूचनेचे औषध होण्यासाठी मात्र द्रव्य, मात्रा, चाचणी आणि दुष्परिणाम यांचा हिशेब पुरा करावा लागला.

‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?’ असेही काही जण विचारतात. दगडी पाल्याप्रमाणेच अमेरिकेतून आलेला आणि त्याच पडीक जमिनीवर वाढणारा पिवळा धोत्रा आठवावा. त्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्यामुळे १९९८ मध्ये दिल्लीत जलोदरासारख्या सुजेची साथ आली आणि साठाहून अधिक माणसे दगावली. तेही नैसर्गिकच होते.

तक्त्यावरून गळालेली गोष्ट

या सर्व तक्त्यांत आम्हांला खटकलेली सर्वांत गंभीर गोष्ट जे लिहिलेले नाही त्याबद्दलची आहे. जखम आधी धुवावी, हे कुठेच नसते.

दगडी पाला जमिनीलगत वाढतो. त्याच्या केसाळ पानांवर माती आणि जनावरांच्या शेणाचे कण बसतात. धनुर्वाताच्या जंतूंची बीजे याच माती-शेणात असतात आणि साध्या धुण्याने ती मरत नाहीत. हे जंतू हवेशिवाय वाढतात. खिळा घुसून झालेल्या खोल जखमेवर दगडावर ठेचलेला पाला ठासून वर फडके आवळले, तर त्यांना हवे तेच वातावरण आपण तयार करतो. नवजात बालकाच्या नाळेवर राख, शेण असे काही लावण्याच्या चालीने पूर्वी किती बाळे गेली, हे जुन्या पिढीतल्या परिचारिका सांगतील. लसीकरण आणि स्वच्छ प्रसूती यांच्या जोरावर माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याची पावती भारताला २०१५ मध्ये मिळाली. मातीतली बीजे मात्र मातीतच आहेत. म्हणून तर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस देतात.

आणि गंमत अशी, की परंपरा म्हणून आपण जिचे नाव घेतो, ती सुश्रुतसंहिता या बाबतीत अत्यंत दक्ष आहे. व्रणावर तिने साठ उपक्रम सांगितले, आणि त्यांत शोधन व रोपण यांचा क्रम पक्का आहे : आधी व्रण शुद्ध करायचा, मग तो भरून आणायचा. आपल्या तक्त्यांनी रोपण तेवढे उचलले, शोधन सोडून दिले. विज्ञानाच्या कसोटीला हे तक्ते उतरत नाहीतच, पण परंपरेशीही ते प्रामाणिक नाहीत.

मग वर्गात काय करावे?

हा विषय प्रदर्शनातून काढून टाकावा, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. रोप दारात आहे, ते फुकट आहे, आणि त्याच्याभोवती इतके प्रश्न आहेत की सहामाही पुरेल.

पहिले काम सर्वेक्षणाचे. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या व शेजारच्या पाच वडीलधाऱ्यांना हे रोप दाखवावे आणि वहीत रकाने करून लिहावे : त्यांनी सांगितलेले नाव, उपयोग, कोणता भाग, कसा वापरतात, स्वतः वापरला की ऐकला, कुणाकडून ऐकला, मूळ गाव कोणते. सगळ्या वर्गाचे रकाने एकत्र केल्यावर ‘स्वतः वापरला’ आणि ‘ऐकला’ यांचे प्रमाण काढावे. बहुतेक सगळ्यांनी अनुभवलेला उपयोग आणि एकदोघांनीच ऐकलेला उपयोग आपोआप वेगळे पडतील. माहिती देणाऱ्या आजीचे आभार मानायला मात्र विसरू नये.

दुसरे काम ओळखीचे : माका आणि दगडी पाला शेजारी ठेवून दहा फरक लिहिणे.

तिसरे प्रयोगाचे. माणसाच्या जखमेवर शाळेत कोणताही प्रयोग करू नये, हे निक्षून सांगतो. त्याऐवजी तीन स्वच्छ पेल्यांत उकळून गार केलेले सारखे दूध घ्यावे. एकात चमचाभर उकळून गार केलेले पाणी, दुसऱ्यात दगडी पाल्याचा चमचाभर रस, तिसऱ्यात हरळीचा तेवढाच रस घालावा. झाकून ठेवून दर दोन तासांनी वास आणि घट्टपणा नोंदवावा. दूध शेवटी टाकून द्यावे. हरळीचा पेला कशासाठी, हे मुलांना सांगू नये, विचारावे. पाल्याच्या रसाने दूध लवकर नासले, तर पानांवरून कोण कोण आत आले हाही प्रश्न निघेल. प्रयोग तीनदा करून निकाल दरवेळी तोच येतो का तेही पाहावे.

आणि अखेरीस तक्ता नव्याने लिहावा. आम्ही लिहिला असता तर तो साधारण असा झाला असता :

दगडी पाला. मूळ देश : उष्णकटिबंधीय अमेरिका. आपल्याकडे तण म्हणून रुळला. लोकांचा अनुभव : लहान जखमेवर पाला चुरडून लावतात (आमच्या वर्गाने विचारलेल्या इतक्या जणांपैकी इतक्यांनी स्वतः वापरला). प्रयोग : उंदरांच्या जखमांवर काही बाबतींत सुधारणा, काही बाबतींत नाही. इतर आजारांवरचे उपयोग : औषध म्हणून वापरावे इतका पुरावा नाही. जखम झाल्यास : वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवा, स्वच्छ कापडाने दाबून धरा. जखम खोल असेल किंवा तीत माती गेली असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शहरात घाटीच्या रुग्णालयात जा आणि धनुर्वाताच्या लशीबद्दल विचारा.

या तक्त्यात मोकळी जागा बरीच उरेल. तिथे विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेले, तीन दातांच्या फुलाचे चित्र चिकटवता येईल.